‘मॅडम, लेकराचा बुद्ध्यांक तेवढा काढून द्या’

मांजराकाठ | ९ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी लातुरात लहान मुलांची न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी करते. मराठीत याला चेतामानसशास्त्र म्हणतात, पण हा शब्द ऐकला की आधीच घाबरलेले आईबाप आणखी घाबरतात. म्हणून मी सरळ सांगते: लेकराचा मेंदू कसा शिकतो आणि नेमका कुठं अडतो ते बघायचं काम. इथं या विषयावर धागा दिसला नाही आणि गेल्या आठवड्यातली एक तपासणी डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सातवीतला मुलगा. वडिलांनी टेबलावर गुणपत्रिका पसरल्या. चौथीपर्यंत पहिल्या पाचांत, पाचवीत घसरण, सहावीत दोन विषयांत जेमतेम पास. वडील म्हणाले, “मॅडम, ह्याचा बुद्ध्यांक तेवढा काढून द्या. कमी असंल तर तसं सांगा, आमी मनाची तयारी करतो. कमी नसंल तर मग ह्यो मुद्दाम करू लालाय.” आई गप्प होती. मुलगा बुटाच्या नाडीकडे बघत होता.

लातूर पॅटर्नच्या गावात ही मागणी मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येते. एक आकडा हवा असतो.

पहिला तासभर मी मुलाच्या हातात पेन्सिलसुद्धा देत नाही. आईला विचारते. दिवस पूर्ण भरले होते का? जन्मल्याबरोबर रडला का? कावीळ झाली म्हणून पेटीत ठेवलं होतं का? तापात झटके आले का? कान फुटायचा का? पहिलं पाऊल कधी, पहिला शब्द कधी? लग्न नात्यातलं आहे का? मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे काही नवलाचं नाही, त्यामुळे हा प्रश्न विचारावाच लागतो. पण आईला तो आरोप वाटता कामा नये, एवढं भान ठेवून.

आणि मग, कधी डोक्यावर पडला का?

“पडतातच की लेकरं,” आई म्हणाली. वडील जरा थांबून म्हणाले, “चार वर्षांचा असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडला होता. तासभर शुद्ध नव्हती. कपाळामागं रक्त साकळलं म्हणाले होते, पण ऑपरेशन लागलं नाही. महिन्यात पळायला लागला. म्हणून सांगितलं नाही, ते तर बरं झालं होतं.”

मग तपासणी. ती एका बैठकीत उरकत नाही. मध्ये डबा, पाणी, जरा मैदानात चक्कर, आणि गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. चाचण्यांतले प्रश्न मी इथं लिहिणार नाही, ते बाहेर फुटले की चाचणी निकामी होते. एक मात्र सांगते. आमच्याकडे एक किचकट आकृती असते, मोठी चौकट आणि तिच्या आतबाहेर बारीक बारीक भाग. मुलानं ती बघून काढायची. काढताना मी मधूनमधून त्याच्या हातातली पेन्सिल बदलते: निळी, हिरवी, तपकिरी, लाल. म्हणजे आधी काय काढलं आणि नंतर काय, ते कागदावर रंगानं उमटतं.

या मुलानं निळ्या पेन्सिलीनं सुरुवात केली ती एका कोपऱ्यातल्या बारकाव्यापासून. हिरवी दिली तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात उडी. मोठी चौकट लाल पेन्सिलीला आली आणि तोवर तिला कागदावर जागाच उरली नव्हती. अर्ध्या तासानं तीच आकृती आठवून काढ म्हटलं तर सुटे सुटे तुकडे आले, विस्कटलेले.

आता इथं कुणी म्हणेल, स्मरणशक्ती कमी. मी दुसरी, तशीच किचकट आकृती काढली आणि त्याला विचारलं, “घर बांधताना आधी काय घालतात?” “पाया.” “मग ह्यात पाया कुठला?” त्यानं बोट मोठ्या चौकटीवरून फिरवलं. मग काढायला बसला. आधी चौकट, मग मधल्या रेघा, मग आतलं. अर्ध्या तासानं आठवून काढली तेव्हा बहुतेक सगळी आली. स्मरण शाबूत होतं. सामान ठेवतानाच पसारा होत होता, म्हणून नंतर सापडत नव्हतं.

रशियातले मेंदूचे अभ्यासक लुरिया दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखम झालेल्या सैनिकांबरोबर काम करायचे. माणूस किती चुकला यापेक्षा तो कसा चुकला, याकडे त्यांचं लक्ष असे. पुढे बोस्टनच्या ईडिथ कॅप्लन यांनी हाच विचार चाचण्यांच्या रोजच्या वापरात आणला. माझं सगळं काम यावर उभं आहे. या मुलाचा बुद्ध्यांक निघाला ९८, म्हणजे अगदी सर्वसाधारण. तो आकडा घेऊन वडील घरी गेले असते तर “मुद्दाम करतोय” हेच पक्कं झालं असतं, आणि मार त्यालाच बसला असता.

मग चौथीपर्यंत सगळं ठीक कसं? १९३० च्या दशकात मार्गारेट केनार्ड यांना माकडांच्या पिलांवरच्या प्रयोगांत दिसलं की लहानपणी झालेली इजा मोठेपणीच्या इजेपेक्षा चांगली भरून निघते. बऱ्याच बाबतींत ते खरंही आहे. पण कपाळामागचा भाग, जो आखणी करतो, क्रम लावतो, मोह आवरतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. चार वर्षांच्या पोराच्या त्या भागाला फारसं काम नसतं. आई कपडे घालते, बाई फळ्यावरचं उतरवून घेतात. पाचवी-सहावीत विषय वाढतात, शिक्षक तासागणिक बदलतात, वही कुठली, गृहपाठ कुणाचा, गणितात चार पायऱ्या. तेव्हा त्या भागाकडे काम मागायची वेळ येते आणि तिथली उणीव पहिल्यांदा दिसते. जखम जुनीच असते, मागणी नवी असते.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवला. पुढची दोन पानं मी शाळेसाठी लिहिली: एका वेळी एकच सूचना, गणिताच्या पायऱ्यांचं कार्ड बाकावर, दप्तर भरायची यादी दाराला, आणि उत्तरपत्रिका लिहिण्याआधी दोन मिनिटं कच्चा आराखडा. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

तुमचे प्रश्न, अनुभव येऊ द्या.

---

सोयाबीन_सुगी | ९ जुलै, रात्री १०:२५

ताई, फार उपयोगाचं लिहिलंत. एक शंका. मानसोपचारतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट आणि तुम्ही यात फरक काय? आम्हाला उदगीरहून यायचं तर आधी कुणाकडे जावं?

---

मांजराकाठ | ९ जुलै, रात्री ११:०५

ते दोघं डॉक्टर, औषध देतात. मी देत नाही. झटके, सतत डोकं दुखणं, आलेलं बोलणं-चालणं मागं जाणं, असं काही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट. एरवीही पहिला थांबा बालरोगतज्ज्ञच ठेवा. डोळे, कान, हिमोग्लोबिन, थायरॉइड तिथंच बघून होतं. रक्त कमी असलेलं लेकरू वर्गात पेंगतं, त्याला माझ्या चाचणीची गरज नसते.

आणि कुणाकडेही तपासणीला गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे हा क्रमांक असायलाच हवा आणि विचारण्यात काही गैर नाही. मोबाइलवर अर्ध्या तासात चाचणी घेऊन रंगीत तक्ते देणाऱ्यांपासून लांब राहा.

---

खडू_फळा | १० जुलै, सकाळी ६:५०

मॅडम, मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. पटावरची निम्म्याहून जास्त लेकरं ऊसतोड कामगारांची. दसऱ्यानंतर कोयता निघाला की वर्ग रिकामा होतो आणि पाडव्याच्या आसपास पुन्हा भरतो. काही लेकरं आजीआजोबांपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. पण लहान भावंडाला सांभाळायला पोरगी बहुतेक नेतातच.

चौथीतल्या एका मुलीबद्दल विचारायचं आहे. बोलायला चुणचुणीत. बाजारातला हिशोब तोंडी करते, मुकादमाकडून किती उचल घेतली, किती फिटली, हेसुद्धा तिला ठाऊक असतं. पण पुस्तक उघडलं की गाडी रुतते. ‘बाजार’, ‘शाळा’, ‘मामा’ सरळ वाचते. ‘किराणा’चं ‘कराणा’ करते. ‘दिवस’चं ‘दवस’. जोडाक्षर आलं की थांबते आणि माझ्याकडं बघते. मागच्या प्रशिक्षणात अध्ययन अक्षमतेचा तक्ता दिला होता, त्यातल्या पुष्कळ खुणा जुळतात. तिचं नाव पाठवू का?

---

मांजराकाठ | १० जुलै, दुपारी १:३०

सर, तुम्ही चुका जशाच्या तशा लिहिल्यात म्हणून मला उत्तर देता येतंय. “वाचन कच्चे” एवढंच लिहिलं असतं तर काहीच सांगता आलं नसतं.

आपल्या लिपीत वाचणाऱ्या मुलाला काही खास अडचणी येतात, ज्या इंग्रजीवरून केलेल्या तक्त्यात नसतात. पहिली वेलांटी घ्या. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. डोळ्याला एक क्रम, कानाला दुसरा. रफाराचं याहून अवघड: ‘पर्व’मधला र आधी म्हणायचा आणि तो बसलाय पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. शिवाय भ-म, घ-ध, थ-य यांत फरक एवढ्याशा गाठीचा. त्यामुळे सगळीच मुलं या जागी काही काळ अडखळतात. अध्ययन अक्षमता असलेलं मूल तिथंच अडकून राहतं, भरपूर शिकवल्यावरसुद्धा.

यातलं “भरपूर शिकवल्यावरसुद्धा” महत्त्वाचं. शाळाच मिळाली नाही म्हणून वाचता येत नसेल तर त्याला अध्ययन अक्षमता म्हणता येत नाही, निदानाची अटच तशी आहे. म्हणून नाव पाठवण्याआधी एक कराल? तिचा पहिली आणि दुसरीचा हजेरीपट काढा. त्या वर्षी काना कधी शिकवला, वेलांटी कधी, जोडाक्षरं कधी, ते तुमच्या टाचणात असेल. तिच्या चुका त्या तारखांशी ताडून बघा.

---

कोरडवाहू | १० जुलै, रात्री ८:१५

मी जालन्याकडचा, वय ६८, शेती करतो. ताईंचा हेतू चांगला आहे, शंका नाही. पण मला हे पटत नाही. माझा धाकटा भाऊ शाळेत ‘ढ’ म्हणून रोज मार खायचा. चौथीत शाळा सुटली. आज पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी तोच खोलतो आणि तोच बसवतो. त्याच्या वेळी तुमच्यासारखं कुणी असतं तर त्याच्या कपाळावर एक इंग्रजी शिक्का बसला असता, आणि तो शिक्का त्याच्या सोयरिकीपर्यंत गेला असता. लेकराला आपलं आपण वाढू द्यावं.

---

मांजराकाठ | १० जुलै, रात्री १०:००

काका, सोयरिकीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. एका आईनं माझा अहवाल फाडून टाकला होता, थोरल्या मुलीची बोलणी चालू होती म्हणून. मी तिला दोष देऊ शकत नाही.

पण तुमच्या भावावर शिक्का नव्हता असं तुम्ही म्हणता, आणि तुम्हीच लिहिलंय की त्यांना ‘ढ’ म्हणायचे. तो शिक्काच होता, आणि खोटा होता. मोटार खोलून बसवणाऱ्या माणसाला कोणता भाग कशात बसतो हे मनातल्या मनात फिरवून बघता येतं. ते आम्ही चाचणीत मोजतो, आणि अक्षरांत अडणाऱ्या काही मुलांचा तिथं छान गुण निघतो. हे गुरुजींना कागदावर दिसलं असतं तर निदान मार तरी थांबला असता.

अशा मुलांना परीक्षेत सवलत द्यायचा निर्णय महाराष्ट्रानं १९९६ मध्येच घेतला. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांच्या यादीत अध्ययन अक्षमताही आली. जादा वेळ, लेखनिक, या गोष्टी आज हक्कानं मागता येतात. मुंबई-पुण्याच्या शाळांतली मुलं त्या घेतात. आपल्याकडचं मूल ‘ढ’ म्हणून शाळा सोडतं आणि ऊस तोडायला किंवा वीटभट्टीवर जातं.

---

गोदातीर_बालरोग | ११ जुलै, सकाळी ७:२०

नांदेडला बालरोगतज्ज्ञ आहे. माझ्या हातून निसटलेली, पण मांजराकाठ यांच्यासारख्या एका सहकारी बाईंनी पकडलेली एक केस सांगतो.

आठ वर्षांची मुलगी, तक्रार एकच: लक्ष नाही. घरी, शाळेत, शिकवणीत. मी तपासलं, सगळं ठीक दिसलं. तपासणीसाठी पाठवलं. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन: “डॉक्टर, आकडे पाठ म्हणून दाखवताना ती मध्येच तुटते. चुकत नाही, तुटते. आठ-दहा सेकंद. पापण्या फडफडतात, आणि मग जिथं सोडलं तिथून पुढं म्हणते. माझा प्रश्न मात्र तिला ऐकूच गेलेला नसतो.”

मुलीला पुन्हा बोलावलं आणि जत्रेतली कागदी भिंगरी हातात दिली. म्हटलं, फुंकत राहा, थांबायची नाही भिंगरी. दीड-दोन मिनिटं झाली आणि भिंगरी थांबली. हात तसाच, ओठ तसेच, नजर भिंतीवर. आई म्हणाली, “बगा, असंच करती. हाक मारली तरी ओ देत नाही.” दहा सेकंदांनी मुलगी पुन्हा फुंकायला लागली.

ती फेफऱ्याचीच एक जात आहे. यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, फक्त क्षणभर हरवतं, आणि दिवसातून कितीतरी वेळा. जोरजोरात श्वास घेतला की झटका येतो, म्हणून भिंगरी. हे दवाखान्यातच करायचं, घरी करून बघू नका. ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत, सेकंदाला तीनच्या हिशोबानं उठणाऱ्या लाटा स्पष्ट आल्या. औषध सुरू झालं. वर्षभर त्या मुलीनं “लक्ष कुठंय तुझं” म्हणून चापट्या खाल्ल्या होत्या, आणि त्या प्रत्येक वेळी ती तिथं नव्हतीच. कोरडवाहू काका, आपलं आपण वाढू द्यावं हे सगळीकडे लागू पडत नाही, एवढंच सांगायचं होतं.

---

शेवंता_परभणी | ११ जुलै, दुपारी ३:४५

वाचता वाचता रडू आलं म्हणून लिहितेय. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. दोन वर्षांचा झाला तरी ‘आई’ म्हणेना. सासूबाई म्हणायच्या, “ह्याचा बाप बी तीन वर्सांनी बोलला.” प्रेमानंच म्हणायच्या. एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं, मोबाइल बंद करा, होईल नीट. मोबाइल बंद केला. दीड वर्ष गेलं.

शेवटी अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली तेव्हा त्यातल्या डॉक्टरताईंनी त्याला पाच मिनिटं बघितलं आणि जिल्ह्याच्या केंद्रात पाठवलं. तिथं आधी कानाची तपासणी झाली. ऐकू येतंय हे पक्कं झाल्यावरच पुढची. मला वाटायचं लेकराची परीक्षा घेतील. त्या बाई फरशीवर बसल्या, साबणाचे फुगे सोडले आणि अचानक थांबल्या. माझा मुलगा त्यांच्याकडे बघेल, म्हणून वाट बघत. त्यानं बघितलं नाही. त्यांचा हात धरून बाटलीकडे नेला, हात म्हणजे जणू चमचा. त्यांनी काहीतरी लिहिलं. मला तेव्हा कळलं नाही.

अहवाल चौदा पानांचा, सगळा इंग्रजीत. मी बारावी झालेय, तरी शेवटपर्यंत पोचले नाही. ह्यांनी तो कपाटात ठेवला. पुढं कधीतरी त्या बाईंना फोन केला, त्यांनी अर्धा तास मराठीत समजावलं, आणि त्या अर्ध्या तासात जे कळलं त्यावर आम्ही आज चालतोय. तो बोलणं समजतो ते चित्र दाखवून. आता आंघोळ, जेवण, शाळा, झोप, सगळ्याची चित्रं भिंतीला लावलीत. सासूबाईच सकाळी एकेक चित्र काढून त्याच्या हातात देतात. मागच्या महिन्यात त्यानं पाण्याचं चित्र आणून माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

---

मांजराकाठ | ११ जुलै, रात्री ९:१०

शेवंताताई, तुम्ही लिहिलेलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्या दिवशी फुग्यांच्या वेळी त्या बाई ज्याची वाट बघत होत्या, ते हेच बघणं.

इंग्रजी अहवालाचा दोष आमच्याकडे येतो. मीही सुरुवातीची काही वर्षं तसेच लिहिले. प्रमाणपत्राला, बोर्डाला इंग्रजी लागतं, हे कारण खरं असलं तरी आईला त्याचा काय उपयोग? आता प्रत्येक अहवालाच्या वर एक मराठी पान असतं: लेकराला काय जमतं, कुठं अडतं, उद्या सकाळपासून काय करायचं.

चाचणीच्या भाषेचंही असंच आहे. १९३४ साली कामतांनी बिने यांची बुद्ध्यांकाची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. नागपुरात मालिन यांनी वेक्स्लर यांची चाचणी १९६० च्या दशकात आपल्या मुलांसाठी तयार केली. त्यांचे उपकार आहेत. पण ते निकष आता जुने झालेत, आणि माझ्यासमोर तांड्यावरचं लेकरू बसतं तेव्हा ते घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं, नांदेड-परभणीतलं दुसरं एखादं दखनी बोलतं. प्रमाण मराठीतला प्रश्न न कळल्यानं गेलेले गुण मी बुद्धीत कसे मोजू? म्हणून अशा मुलांसाठी न बोलता सोडवायच्या चाचण्यांवर जास्त भर देते, आणि शक्य तिथं तांड्यावरची एखादी शिकलेली ताई सोबत बसवते. तिनं उत्तर सुचवायचं नाही, फक्त प्रश्न त्यांच्या बोलीत सांगायचा. तसं केलं की अहवालात तशी नोंदही करावी लागते.

---

अंगणवाडीताई | १२ जुलै, दुपारी १२:१०

हिंगोली जिल्ह्यातून. मॅडम, वर्षातून दोनदा गाडी येती. मधल्या काळात आमी काय बगावं, ते सोप्या भाषेत सांगा.

---

मांजराकाठ | १२ जुलै, दुपारी २:००

ताई, तुम्ही रोज लेकरं बघता, म्हणून तुमचा शब्द आमच्या तासाभराच्या तपासणीपेक्षा मोलाचा. वर्षाचं लेकरू नावानं हाक मारल्यावर वळून बघतं का? दीड वर्षाचं “ते बघ” म्हणून बोट दाखवतं का? दोन वर्षांचं “दूध दे”, “बाबा आला” असे दोन शब्द जोडतं का? आणि कुठल्याही वयात, येत असलेले शब्द बंद झाले, चालणं बिघडलं, तर गाडीची वाट बघू नका, त्याच आठवड्यात पाठवा. कान वाहणाऱ्या लेकराची वेगळी नोंद ठेवा. आणि कमी दिवसांचं, काचेच्या पेटीत राहिलेलं बाळ गुटगुटीत दिसायला लागलं तरी त्याच्यावरची नजर शाळेत जाईपर्यंत काढू नका.

---

कोरडवाहू | १४ जुलै, सकाळी ९:३०

भावाला हे सगळं वाचून दाखवलं. ऐकून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “गुरुजी अख्खी ओळ वाचायचे, तवर माझं पहिलंच अक्षर जुळायचं. मला वाटायचं सगळ्यांचंच असं होतं आन् मीच आळशी.” साठ वर्षांत त्यानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. त्याचा नातू तिसरीत आहे. तोही वाचत नाही. तपासणी कितव्या वर्षी करतात?

---

मांजराकाठ | १४ जुलै, दुपारी १:१५

काका, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, पण मदत सुरू करायला प्रमाणपत्राची वाट बघायची नाही. हे घराण्यात उतरतं, त्यामुळे आजोबांची गोष्ट तपासणीला येताना जरूर सांगा. जमलं तर आजोबांनाच सोबत आणा. नातवानं त्यांच्या तोंडून ते ऐकायला हवं.

---

खडू_फळा | २८ सप्टेंबर, रात्री ९:५०

मॅडम, उशीर झाला, पण काम केलं. हजेरीपट काढला. पहिलीत दिवाळीआधी मुळाक्षरं आणि काना. वेलांटी दिवाळीनंतर, तेव्हा ही मुलगी कारखान्याच्या फडात. दुसरीत जोडाक्षरं आणि रफार जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हाही फडात. तिला जे येतं ते सगळं जून ते ऑक्टोबरमधलं आहे. जे येत नाही ते सगळं नोव्हेंबर ते मार्चमधलं. मी टाचण आणि हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो होतो. तीन वर्षं ही माझ्या वर्गात आहे आणि मला हे दिसलं नव्हतं.

रोज परिपाठाआधी वीस मिनिटं फक्त वेलांटी, मग जोडाक्षर. ‘कि’ला मी वाळूत लिहून घेतलं, तोंडानं ‘क’ म्हणताना जागा सोडायची आणि ‘इ’ म्हणताना मागं येऊन वेलांटी. पाच आठवड्यांत ‘किराणा’ आला. आठव्या आठवड्यात ‘पर्वत’ आणि ‘सूर्य’. आता पाठ्यपुस्तकातला उतारा सावकाश पण बरोबर वाचते.

सोबत एक मुलगा बसवला होता, तो कधीच फडावर गेलेला नाही, आजीपाशी राहतो, हजेरी चोख. तेच वीस मिनिटं, तेच आठ आठवडे. तो अजून ‘भात’ला ‘मात’ म्हणतो, आणि सकाळी आलेली वेलांटी दुपारी विसरतो. मी तक्त्यावर खुणा करत बसलो असतो तर मुलीचं नाव पाठवलं असतं आणि हा राहिला असता, कारण हा काही बोलत नाही, मागच्या बाकावर बसतो.

मुलाला कधी आणू? आणि मुलगी दसऱ्यानंतर चालली. आजीला विनवलं, वसतिगृहाचं सांगितलं. बापाचं म्हणणं, धाकटं दहा महिन्यांचं आहे, त्याला कोण बघणार. यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

---

मांजराकाठ | २८ सप्टेंबर, रात्री ११:२०

सर, मुलाला पुढच्या शनिवारी आणा. आठ आठवड्यांच्या वह्या, तारखांसकट, जशा आहेत तशा आणा. खोडलेलं काही फाडू नका. बालरोगतज्ज्ञांकडून डोळे आणि कान तपासून आलात तर एक फेरी वाचेल.

मुलीसाठी: तिला येणाऱ्या शब्दांची एक छोटी वही द्या, रोज एक पान, दहा ओळींपेक्षा जास्त नको. फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, दिवा किती वेळ असतो ते तुम्हाला माहीत आहे. धाकट्याला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायला सांगा, म्हणजे दोघांचंही होईल. आणि आज ती वाचते तो उतारा, लागलेला वेळ आणि झालेल्या चुका लिहून ठेवा. पाडव्याला परत आली की पहिल्याच आठवड्यात तोच उतारा पुन्हा वाचून घ्या आणि दोन्ही कागद मला पाठवा.

---

खडू_फळा | २९ सप्टेंबर, सकाळी ६:३०

वही आज बांधतो. उतारा ‘पाऊस’ हा घेतलाय. तिनंच निवडला.